पाच सत्रांचा हिशेब : पदव्युत्तर प्रवेशापूर्वी भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचे नियोजन

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला 'पुढे काय?' हा प्रश्न बहुधा तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर पडतो. तोपर्यंत त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ठरून गेलेले असते. आय.आय.टी. व अन्य राष्ट्रीय संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठीची 'जॅम' ही परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून घेतले जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा तर डिसेंबरमध्येच होते. परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची मुदतही डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणजे पदवी सहा सत्रांची असली तरी प्रवेशाच्या हिशेबात पाचच सत्रे धरली जातात. सहाव्या सत्रात कितीही चांगला विषय शिकवला तरी परीक्षेच्या दिवशी तो विद्यार्थ्याच्या पदरात पडलेला नसतो. जेथे वार्षिक पद्धत आहे तेथे परिस्थिती अधिक अवघड असते, कारण फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम जेमतेम अर्ध्यावर आलेला असतो.

ही साधी गोष्ट मोठ्या शहरांतील विद्यार्थ्याला घरातून, शिकवणी वर्गातून किंवा वरच्या वर्गातील मित्रांकडून समजते. लहान गावातील, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला ती सांगू शकेल अशी व्यक्ती एकच, ती म्हणजे त्याच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचा शिक्षक. म्हणूनच अभ्यासक्रमाच्या नियोजनाचा विचार शिक्षकाच्या बाजूने करणे आवश्यक ठरते.

नानाखेडा ते इंदूर

उदाहरणादाखल उज्जैन शहराच्या दक्षिणेकडील नानाखेडा ही वस्ती घेता येईल. महाराष्ट्राबाहेरचे उदाहरण घेण्याचे कारण असे की शिंदे आणि होळकर यांच्या काळापासून माळव्यात मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, त्यांची मुले आज हिंदी माध्यमातून शिकतात, आणि माध्यमबदलाची जी अडचण आपल्याकडे मराठी व उर्दू शाळांतून आलेल्या मुलांना येते तीच तेथेही येते. दुसरे कारण अंतराचे आहे. नानाखेड्याच्या बसस्थानकावरून इंदूरच्या बसमध्ये बसले की सुमारे पंचावन्न किलोमीटरवर भौतिकशास्त्राच्या संशोधनाची देशातील काही महत्त्वाची ठिकाणे आहेत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत आहेत. त्यांतील इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली जाते. खंडवा मार्गावर विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त संशोधन केंद्र आहे, देवी अहिल्या विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आहे, आणि २००९ मध्ये स्थापन झालेली आय.आय.टी. सिमरोल येथे आहे. खुद्द उज्जैनमध्ये १९५७ मध्ये स्थापन झालेले विक्रम विद्यापीठ आहे. २०२५ मध्ये त्याचे नाव सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ असे करण्यात आले.

हे सर्व असूनही नानाखेड्यातील एखाद्या विद्यार्थिनीला या संस्थांमध्ये पोहोचणे सोपे नाही. तिला प्रवासाचा खर्च परवडत नाही म्हणून ती मागे राहते, असे नेहमी घडत नाही. पुष्कळदा पहिल्या वर्षाच्या प्रवेश-अर्जावर जे विषय लिहिले गेले त्यांतच तिची वाट बंद झालेली असते.

गणित कोठे गळते

जुन्या पद्धतीत बी.एस्सी.चे विषय ठरीव गटांत येत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा गट सर्वपरिचित होता. भौतिकशास्त्र घेणाऱ्याला गणित आपोआप मिळे. मध्यप्रदेशाने २०२१-२२ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू केले. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले. आता विद्यार्थी मुख्य विषय, गौण विषय आणि ऐच्छिक विषय स्वतंत्रपणे निवडतो. या स्वातंत्र्याचे स्वागत करावे तेवढे थोडे, पण त्यात एक फट राहिली आहे. मुख्य विषय भौतिकशास्त्र, गौण रसायनशास्त्र आणि ऐच्छिक म्हणून 'सोपा' समजला जाणारा कोणताही विषय अशी निवड सहज होऊ शकते, आणि गणित एक तर गळते किंवा एखाद्या सत्रापुरते उरते. बारावीत गणिताचा धसका घेतलेल्या मुलांना हा मार्ग आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे.

परिणाम दोन वर्षांनी दिसतो. काही आय.आय.टी. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी पदवीला ठरावीक सत्रे गणित असल्याची अट घालतात. 'जॅम'मध्ये उत्तम क्रमांक मिळूनही केवळ या अटीमुळे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. अट नसलेल्या संस्थेत प्रवेश मिळालाच तर पहिल्याच सत्रात 'गणिती पद्धती' हा विषय समोर उभा राहतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी खिडकीवर बसणाऱ्या शिक्षकाने एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी : भौतिकशास्त्रात पुढे जाण्याची थोडीशीही शक्यता असेल तर गौण विषय गणित असावा. रसायनशास्त्र ऐच्छिक म्हणून घेता येते. उलट क्रम पुढे दुरुस्त करणे फार कठीण जाते.

गणित आहे, पण क्रम चुकला आहे, ही दुसरी अडचण. बहुतेक विद्यापीठांत गणिताचा अभ्यासक्रम गणित विभाग आखतो आणि भौतिकशास्त्राचा भौतिकशास्त्र विभाग. त्यामुळे विद्युत-चुंबकत्वाचा पेपर दुसऱ्या सत्रात आणि त्यासाठी लागणारे सदिश कलन चौथ्या सत्रात, असे प्रसंग घडतात. मग शिक्षक डायव्हर्जन्स आणि कर्ल यांची सूत्रे फळ्यावर लिहून देतो, विद्यार्थी ती पाठ करतात, आणि गाऊसचा नियम हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवळ एक सूत्र राहतो. अशा ठिकाणी दोन्ही विभागांनी एकत्र बसून एवढे केले तरी पुष्कळ आहे : पहिल्या सत्रात अवकल समीकरणे व संमिश्र संख्या, दुसऱ्यात सदिश कलन, तिसऱ्यात रेषीय बीजगणित, चौथ्यात फूरिए श्रेणी. अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार महाविद्यालयाला नसतो हे खरे, तथापि आठवड्यातून एक जादा तास घेण्यास कोणत्याही विद्यापीठाची हरकत नसते.

रेषीय बीजगणिताबद्दल थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल, कारण हा विषय सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. पदवीच्या प्रयोगशाळेत जोडलेल्या लंबकांचा प्रयोग असतो. सारख्या लांबीचे दोन लंबक एका हलक्या स्प्रिंगने जोडतात. दोन्ही एका दिशेने हलवले तर स्प्रिंग ताणली जात नाही आणि लंबक आपल्या मूळ वारंवारतेनेच झुलतात. विरुद्ध दिशांनी हलवले तर स्प्रिंगचा ताण दोन्हीकडून लागतो आणि वारंवारता वाढते. एकच लंबक हलवला तर थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. विद्यार्थी घड्याळ लावून वेळा मोजतात, सूत्रात घालतात आणि वहीवर सही घेतात. आपण मोजलेल्या त्या दोन वारंवारता एका दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समधून निघतात, त्यांचे वर्ग ही त्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये आहेत, ही गोष्ट त्याच वेळी सांगितली तर पाच मिनिटे लागतात. दोन वर्षांनी क्वांटम मेकॅनिक्समध्ये ऊर्जेचे स्तर कसे काढावे हा प्रश्न येतो तेव्हा गणित तेच असते, केवळ लंबकाच्या जागी अणू असतो. ज्याला लंबकाच्या वेळी ते उमगले त्याला क्वांटम मेकॅनिक्स परके वाटत नाही. ज्याला उमगले नाही तो दोन वेगळे विषय वेगवेगळे पाठ करीत राहतो, आणि प्रवेश परीक्षेत नेमके या दोहोंच्या मधले प्रश्न येतात.

परीक्षा काय विचारते

'जॅम'ची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका तीन तासांची, ६० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यातील ३० प्रश्न एकच बरोबर पर्याय असलेले, १० प्रश्न एकाहून अधिक बरोबर पर्याय असू शकणारे, आणि २० प्रश्न असे की पर्यायच नसतात, उत्तराची संख्या स्वतः काढून भरावी लागते. चुकीच्या उत्तराचे गुण फक्त पहिल्या गटात वजा होतात. अभ्यासक्रमात गणिती पद्धती, यामिकी, दोलने-तरंग-प्रकाशशास्त्र, विद्युत-चुंबकत्व, उष्मागतिकी, आधुनिक भौतिकी आणि घनावस्था-इलेक्ट्रॉनिकी असे भाग आहेत. यात पदवीच्या अभ्यासक्रमाबाहेरचे फारसे काही नाही. फरक विचारण्याच्या पद्धतीत आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत 'सिद्ध करा' आणि 'टीप लिहा' असते, येथे संख्या काढायची असते. पहिल्या वर्षापासून प्रत्येक घटकानंतर पाच-सहा संख्यात्मक उदाहरणे सोडवून घेतली तर तिसऱ्या वर्षी वेगळ्या शिकवणीची गरज फारशी उरत नाही. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेची पदवी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय परीक्षा जानेवारीत होते. ती दुसऱ्या वर्षी एकदा द्यायला लावावी. निकालापेक्षा सरावासाठी ती उपयोगी आहे.

भाषेचा प्रश्न येथेच येतो. 'जॅम'ची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते. केंद्रीय विद्यापीठांच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी २०२२ पासून सुरू झालेली सामायिक परीक्षा हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते, त्यामुळे हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ती जवळची वाटते. तथापि पुढील संपूर्ण शिक्षण इंग्रजीतच होणार असल्यामुळे हा दिलासा तात्पुरता आहे. यावर एक व्यवहार्य उपाय असा की वर्गातील स्पष्टीकरण मुलांच्या भाषेत व्हावे, पण उदाहरणे पहिल्या सत्रापासून इंग्रजीत द्यावीत. भौतिकशास्त्राच्या प्रश्नात लागणारी इंग्रजी वाक्ये मोजकीच असतात. दोन वर्षांत ती सरावाची होतात. विद्यार्थ्याला एकदम संपूर्ण इंग्रजी पाठ्यपुस्तकात ढकलण्यापेक्षा हा मार्ग बरा.

महाविद्यालयात एखादा पेपर शिकवलाच जात नसेल, किंवा शिक्षकाची जागा रिकामी असेल (ही तक्रार नवी नाही), तर 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचा आधार घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. मात्र श्रेयांक मोजले जावेत यासाठी विद्यापीठाची मान्यता आधी घ्यावी लागते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर अर्ज केला तर प्रमाणपत्र मिळते, पण गुणपत्रिकेत नोंद होत नाही.

परदेशाचा विचार असेल तर

धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी १९६९ मध्ये घेतली आणि १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. रोहिणी गोडबोले यांनी पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी.एस्सी. केल्यावर १९७४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून एम.एस्सी. केली आणि १९७९ मध्ये अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथून पीएच.डी. घेतली. पुढे त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. हे दोन मार्ग आजही आहेत, परंतु सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी दुसरा अधिक भरवशाचा आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे तीन वर्षांच्या पदवीला आपल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीचे मानत नाहीत. मधली एम.एस्सी. ही उणीव भरून काढते. शिवाय पदवी महाविद्यालयात न मिळालेला प्रगत अभ्यासक्रमही त्या दोन वर्षांत मिळतो.

आता चार वर्षांच्या पदवीमुळे तिसरा मार्ग खुला झाला आहे. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेला विद्यार्थी चौथे वर्ष संशोधनासह करू शकतो, आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असल्यास भारतात थेट पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो. आरक्षित व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना या पीएच.डी.च्या अटीत ५ टक्क्यांची सवलत देण्याची तरतूद आहे. येथेही सत्रांचा हिशेब तोच. परदेशी अर्ज चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात जातो, म्हणजे आठपैकी सातच सत्रे विचारात घेतली जातात, आणि सातव्याचे गुणही हाती आलेले नसतात. अर्ज तपासणारे प्राध्यापक चार विषय आधी पाहतात : अभिजात यामिकी, विद्युत-चुंबकत्व, क्वांटम मेकॅनिक्स आणि उष्मागतिकी-सांख्यिकीय यामिकी. हे चारही विषय प्रगत पातळीवर सहाव्या सत्रापर्यंत पूर्ण व्हावेत अशी आखणी हवी. सातव्या-आठव्या सत्रासाठी ठेवलेला क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा पेपर अर्जात 'पुढे घेणार' एवढाच दिसतो.

वेधशाळेत एक वर्ष

परीक्षा आणि गुण यांच्यापलीकडे एक गोष्ट अर्जात उपयोगी पडते, ती म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः केलेले काम. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती त्यासाठी उत्तम आहे. दोन महिने एखाद्या संशोधकाकडे काम करायला मिळते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवी विद्यार्थ्यांसाठी २००४ पासून राष्ट्रीय उपक्रम चालवते. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर असल्यामुळे यांवर विसंबून मात्र राहता येत नाही.

साधनांची कमतरता ही सबब नेहमी खरी नसते. उज्जैनमध्ये क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. त्यामागे नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांचा आग्रह होता, आणि आपटे हेच तिचे पहिले अधीक्षक झाले. नानाखेड्यातील विद्यार्थिनीला येथे शहरातल्या शहरात पोहोचता येते. सम्राट यंत्र हे प्रचंड सूर्यघड्याळ आहे. त्याच्या तिरप्या भिंतीचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला आहे. आठवड्यातून एकदा त्यावरील वेळ वाचून हातातल्या घड्याळाशी ताडून पाहायची, एवढाच प्रकल्प. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला आणि भारतीय प्रमाणवेळेचे ८२ अंश ३० कला. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्यघड्याळ सुमारे २७ मिनिटे मागे असले पाहिजे. प्रत्यक्षात फरक स्थिर राहत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो ११ मिनिटांपर्यंत उतरतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला ४१ मिनिटांपर्यंत चढतो.

असे का होते, याचे उत्तर शोधताना पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असणे आणि तिचा अक्ष कललेला असणे या दोन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात. केप्लरचे नियम येतात, गोलीय त्रिकोणमिती येते, भिंतीची सावली धूसर का पडते याचा विचार येतो आणि त्यातून मापनातील त्रुटीचा अंदाज येतो. वर्षभराच्या पन्नास नोंदी, त्यांचा आलेख, आणि गणिताने काढलेली वक्ररेषा त्यावर टाकून पाहिलेली. याला बसच्या भाड्यापलीकडे व प्रवेश तिकिटापलीकडे खर्च नाही. ज्या गावात वेधशाळा नाही तेथे गच्चीवर रोवलेली एक सरळ काठीही हे काम करू शकते, अचूकता थोडी कमी मिळेल इतकेच.

अशा कामाचा दुसरा उपयोग शिफारसपत्राला होतो. परदेशी अर्जाला साधारणतः तीन शिफारसपत्रे लागतात, आणि भारतातील अनेक उन्हाळी कार्यक्रमांनाही एखादे लागतेच. 'विद्यार्थिनी हुशार, मेहनती व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे' असा मजकूर आपल्याकडे सर्रास लिहिला जातो. चारित्र्याच्या दाखल्यात तो शोभतो. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. तिने वर्षभर कोणती नोंद घेतली, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे नोंदी तुटल्या तेव्हा काय केले, हिशेबात कोणती चूक झाली आणि ती तिने स्वतः कशी शोधली, हे चार ओळींत लिहिले तर ते पत्र वेगळे ठरते. पण असे लिहिण्यासाठी शिक्षकाने ते काम जवळून पाहिलेले असावे लागते. त्याची सुरुवात दुसऱ्या वर्षी व्हायला हवी. अर्जाच्या आठवड्यात पत्र मागायला आलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्रामाणिक शिक्षकही फारसे काही लिहू शकत नाही.

शेवटी एक कारकुनी वाटणारी, पण अनेकदा आड येणारी बाब. गुणपत्रिकेवर 'भौतिकशास्त्र पेपर दोन' एवढेच छापलेले असते. त्यात काय शिकवले हे बाहेरच्या संस्थेला कळत नाही, आणि काही परदेशी विद्यापीठे तर प्रत्येक विषयाचा तपशील व वापरलेले पाठ्यपुस्तक यांची यादी मागतात. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि जुना छापील अभ्यासक्रम नंतर विद्यापीठातही मिळत नाही. विभागाने प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम, घटकनिहाय तास, प्रयोगांची यादी आणि पाठ्यपुस्तकांची नावे इंग्रजीत टंकलिखित करून, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह एका फाईलमध्ये ठेवावीत. ही फाईल तयार करायला दर वर्षी एक दुपार पुरते, आणि तीन वर्षांनी ज्या विद्यार्थिनीला ती लागेल ती बहुधा आज पहिल्या वर्षाचा अर्ज भरीत असेल.